आगटे सरांचे जर्मन

आगटे सरांच्या शोकसभेत पाच जण बोलले. त्यांतल्या चौघांचे उच्चार सरांना चालले नसते. पाचवा मी होतो, आणि मी इतक्या हळू बोललो की उच्चार तपासायला कुणाला वाव मिळाला नाही. एका माजी विद्यार्थ्याने सांगितले, की सरांनी आम्हाला शुद्ध जर्मन दिले. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, तरी दोघांनी वाजवल्या. मी खाली बघत बसलो. ‘शुद्ध’ या शब्दाचे पुढे काय झाले, हे त्या सभागृहात फक्त मला ठाऊक होते, आणि ते सांगायला वाट्याला आलेली दोन मिनिटे पुरण्यासारखी नव्हती. म्हणून सावकाश लिहितो आहे.

सरांचा वर्ग शनिपाराजवळ एका छापखान्याच्या वर होता. दोन खोल्या, एक फळा, तीस खुर्च्या. जिन्याच्या तोंडाशी सरांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: ‘येथे जर्मन भाषा शिकवली जाते. जर्मनीतील नोकरी, हवामान व शाकाहारी जेवण यांची चौकशी वर येऊन करू नये. खालीही करू नये.’ खाली छापखानेवाले बसत. त्यांनी एकदोनदा उत्तरे दिली होती, म्हणून शेवटचे वाक्य नंतर वाढवले होते.

मी तिथे व्याकरण शिकवायचो. विद्यापीठात पुस्तकांतून जर्मन शिकलेलो, आयुष्यात एकही जर्मन माणूस जवळून पाहिलेला नव्हता. उच्चार सर शिकवत. ही वाटणी त्यांनी पहिल्या दिवशीच करून टाकली होती. “व्याकरण काय, पुस्तकात मिळतं, दामले. उच्चार माणसाकडूनच घ्यावा लागतो.”

त्यांनी तो ज्या माणसाकडून घेतला, त्याचे नाव रोमर. सर तरुणपणी चिंचवडच्या एका कारखान्यात नकाशे काढायचे. तिथे नवी यंत्रे बसवायला जर्मनीहून फोरमन आला. त्याला इंग्रजी येत नव्हते आणि सरांनी हौसेने एक जर्मन पुस्तक अर्धे वाचलेले होते, एवढ्या भांडवलावर त्यांना त्याच्या हाताखाली दिले. यंत्रे बसायला सहा वर्षे लागली. सहा वर्षे सर त्या माणसाबरोबर जेवले, चालले, भांडले, आणि तो परत गेला तेव्हा सर अस्खलित जर्मन बोलत होते. पुढे देशाचे धोरण बदलले, कारखान्याला आपल्याकडे माणसे फार झाली आहेत असे वाटू लागले, आणि सर स्वेच्छेने निवृत्त झाले. “स्वेच्छा त्यांची होती, निवृत्ती माझी,” असे ते म्हणत.

सुरुवातीला वर्गाला संस्कृतचे दोनचार अभ्यासक, एक निवृत्त न्यायाधीश आणि लग्न ठरेपर्यंत काहीतरी करावे म्हणून आलेल्या मुली एवढेच विद्यार्थी होते. मग हडपसरच्या बाजूला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, कंपन्यांच्या बसगाड्या पहाटेपासून शहरभर फिरू लागल्या, आणि त्या बसमध्ये चढण्याआधी जर्मन शिकून घ्यायला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातली मुले आमच्या जिन्यावर दिसू लागली. सरांच्या दृष्टीने हे शहरावर आलेले एक प्रकारचे संकटच होते. ते त्यांनी फी घेऊन सहन केले.

प्रवेशाची सरांची पद्धत निराळी होती. जर्मन शिकायला आलेल्याला ते आधी मराठीतला एक उतारा मोठ्याने वाचायला लावत. डोळे मिटून ऐकत, आणि वहीत नाव, शिक्षण यांच्यापुढे ‘आघात’ असा रकाना होता त्यात एक गाव लिहीत. ‘बार्शी, मध्यम.’ ‘सांगली, पण सुधारेल.’ ‘कोल्हापूर. आवाज कमी करावा.’ एकापुढे लिहिले होते, ‘मूळचा नारायण पेठ. कोथरूडला राहून बिघडला.’ माझे नाव पहिल्या पानावर होते. ‘दामले. रत्नागिरी. नाकात.’

हडपसरच्याच एका मुलाने प्रवेश घेताना आपुलकीने सांगितले, “सर, मी हितलाच हाय. लांबनं आलेलो नाय.”

“हडपसर पुण्यात आलं असं ऐकतो खरं,” सर वहीतून मान वर न करता म्हणाले. “महापालिकेच्या नकाशात आलं असेल. माझ्या कानांपर्यंत पोचलेलं नाही.”

ज्यांचा ‘ण’ आणि ‘ळ’ सरांच्या मनासारखा नसे, त्यांना जर्मन सुरू होण्यापूर्वी पंधरा दिवस ‘उच्चारशुद्धी’साठी बसावे लागे. ‘बाळ, काळ, पाणी, लोणी’ असा घोष सकाळी साडेसहाला सुरू झाला की खालचे छापखानेवाले चहा प्यायला बाहेर जात. एका मुलाने धीर करून विचारले, “सर, जर्मनमध्ये ‘ळ’ असतो का?”

“नसतो.”

“मग?”

“ज्याला आपल्याकडे आहे ते नीट म्हणता येत नाही, त्याला त्यांच्याकडचं काय येणार?” यातल्या तर्कात काहीतरी गडबड आहे हे मुलाला जाणवले असावे, पण सर असे काही बोलले की ऐकणाऱ्याला आपल्यातच काहीतरी कमी असल्याची शंका येई.

तास सुरू झाला की पाच मिनिटांच्या सवलतीनंतर दाराची कडी लागे. एकदा एका कंपनीचा मोठा अधिकारी, विद्यार्थी म्हणूनच येणारा, बाहेरून दार ठोठावू लागला. “सर, मी आलोय,” तो म्हणाला. “ऐकू येतंय,” सर आतून म्हणाले, आणि पुढचे वाक्य फळ्यावर लिहू लागले.

जर्मन लोकांविषयी त्यांचा एक सिद्धान्त होता. जर्मन माणूस म्हणजे चुकून थंड हवेत जन्मलेला पेठेतला माणूस. वेळेवर येतो, कामापुरते बोलतो, दुपारी कुणाकडे जात नाही, आणि दुसऱ्याचे चुकले की त्याला ताबडतोब सांगतो. हे सगळे रोमरवरून काढलेले होते. रोमर दुपारी दोन तास झोपायचा, त्याचा सरांच्या मनावर विशेष परिणाम झाला होता.

उच्चाराच्या तासाला प्रत्येक विद्यार्थ्यासमोर तुळशीबागेतून आणलेला हातभर अंतरावर धरायचा छोटा आरसा असे. जर्मनमध्ये दोन स्वर असे आहेत, की ते म्हणताना ओठांचा चंबू करावा असे माझ्या सगळ्या पुस्तकांत लिहिले होते. सर आरसे द्यायचे ते ओठांचा चंबू होत नाही ना, हे बघायला. “ओठ सपाट. गोल करायचे ते पुस्तकातले जर्मन.” बऱ्याच शब्दांतला ‘स’ ते ‘श’ म्हणत. ‘इस्ट’ हा रोजचा शब्द आमच्या वर्गात ‘इश्ट’ होता. घर लहान असेल, पाव लहान असेल, तर त्याच्यापुढे ते ‘ले’ लावत. माझ्या पुस्तकांत दुसरेच काहीतरी होते. मी एकदा विचारले, तर म्हणाले, “हे जुनं, अस्सल रूप आहे. पुस्तकं लिहिणाऱ्यांना घाई असते.”

मग वर्गासाठी जर्मनीत तयार झालेल्या कॅसेटचा संच आला. सरांनी पाच मिनिटे ऐकून यंत्र बंद केले. “हा माणूस जर्मन असेल,” ते म्हणाले, “पण घरी कुणी नीट शिकवलेलं दिसत नाही.” कॅसेट माझ्याकडे आल्या. मी त्या घरी सगळ्या ऐकल्या. बोलणारे चार जण होते आणि चौघांनाही घरी कुणी नीट शिकवलेले नव्हते. मला तेव्हाच कळायला हवे होते, आणि खरे सांगायचे तर कळलेही होते. मी काही बोललो नाही.

वैशाली तायडे त्या सुमाराला वर्गात आली. मूर्तिजापूरची, हडपसरच्या कंपनीत दोन वर्षे झालेली, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक. तिने उतारा वाचला आणि सरांनी ‘आघात’च्या रकान्यात नुसते ‘मूर्तिजापूर’ लिहिले. पुढे आशादायक काहीच नाही.

तिच्या कंपनीने दक्षिण जर्मनीतल्या एका शहरातले काम घेतले होते. बारा जणांना दोन वर्षांसाठी पाठवायचे होते. कंपनीने सगळे आमच्याकडे शिकायला घातले आणि अट ठेवली, की सरांच्या तोंडी परीक्षेच्या प्रमाणपत्रावर सरांची सही असेल तोच जाईल. अकरा जणांना सही मिळाली. वैशालीला दोनदा नापास केले. व्याकरणात ती सगळ्यांच्या पुढे होती, हे मी सांगतो. मीच शिकवत होतो. पण तिचे ओठ हव्या त्या वेळी सपाट होत नसत, कारण तिने माझ्याकडून कॅसेट नेल्या होत्या, आणि त्या कॅसेटवर मूर्तिजापूरचा हेल चढून जे तयार झाले होते ते सरांना ऐकवत नव्हते.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर ती रडली नाही. सरांच्या टेबलासमोर उभी राहिली.

“सर, मी बोलली ते तुमाले समजलं ना?”

“समजलं.”

“मंग?”

“समजणं हा निकष नाही, तायडे.”

“मंग बोलतेत कायले लोकं?” तिने विचारले. तिला खरेच उत्तर हवे होते. सरांनी वही मिटली.

यादी बंद व्हायला आठवडा राहिला होता. ती मला जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, “दामले सर, बाबानं गावभर सांगून टाकलं हो. शाळेत पोरायले नकाशावर दाखवलं, हे पाहा, वैशालीताई इथं चालली. आता मी काय सांगू, का मले बोलता येत नाही?” मी म्हणालो, प्रयत्न कर. एवढे मला नेहमी म्हणता येते.

दोन दिवसांनी तिचे वडील आले. रात्रभर गाडीत बसून आलेले, तरी पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. दारात त्यांनी मला सवयीने “जयभीम” म्हटले आणि लगेच “नमस्कार” म्हणून दुरुस्त केले. मीही नमस्कारच म्हणालो. पहिल्याला उत्तर द्यायचे सुचले नाही. सरांसमोर ते अगदी ताठ बसले. “माझ्या कन्येच्या प्रगतीविषयी आपले मार्गदर्शन घ्यावे, या हेतूने मी आलो आहे,” असे त्यांनी सुरू केले. एकेक शब्द जपून, पाण्याने भरलेली कळशी न हिंदकळता चालावे तसे. सर खूश झाले. त्यांनी चहा मागवला, हे मी वर्गाच्या इतिहासात प्रथमच पाहत होतो. सहीबद्दल मात्र म्हणाले, “आपण शिक्षक आहात. आपण असता तर काय केलं असतं?” तायडे गुरुजी म्हणाले, “मी मुलाला काय म्हणायचे आहे, ते पाहिले असते.” मग आपण जास्त बोललो असे वाटून ते उठले.

ते गेल्यावर सर मला म्हणाले, “किती स्वच्छ बोलतात हो. मुलीलाच काय झालं कुणास ठाऊक.”

मी गुरुजींना पोचवायला अर्ध्या जिन्यापर्यंत गेलो होतो. खालच्या वळणावर वैशाली थांबली होती. तिथे गुरुजींनी रुमालाने मान पुसली आणि लेकीला म्हणाले, “बापा, घामच फुटला मले. तोंड आखडून गेलं पार.” दोघे हसली. मी वर आलो आणि हेही सरांना सांगितले नाही.

यादी बंद व्हायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, जर्मनीतल्या कंपनीच्या मुख्य कार्यालयातून फ्राऊ लिंडनर नावाच्या बाई मुलांना भेटायला येणार होत्या. सरांनी कोट काढला. तो रोमरच्या निरोपसमारंभानंतर प्रथमच बाहेर येत होता आणि त्याला डांबरगोळ्यांचा वास होता. बाई कडी लागायच्या सात मिनिटे आधी आल्या. सरांनी माझ्याकडे पाहिले. सिद्धान्त पुन्हा एकदा सिद्ध झाला होता.

सरांनी जर्मनमधून स्वागताचे भाषण केले. ते त्यांनी आठवडाभर तयार केले होते आणि आशयाने उत्तम होते. भाषा, शिस्त, दोन देशांचे संबंध. बाई पहिल्या वाक्याला लक्ष देऊन ऐकत होत्या. दुसऱ्या वाक्याला त्यांनी भुवया उचलल्या. तिसऱ्यापासून ओठ घट्ट मिटून त्या समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिल्या. एखाद्या परदेशी पाहुण्याने सूटबूट घालून पुण्याच्या सभागृहात उभे राहावे आणि गंभीर चेहऱ्याने चांगल्या साताऱ्याकडच्या रानगड्याच्या बोलीत जागतिक शांततेवर बोलावे, तसे काहीसे त्यांना होत असणार. भाषण संपल्यावर त्या उठून सरांकडे गेल्या, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि अतिशय आनंदाने विचारले, “आपण तिकडे किती वर्षं शेतावर होता?”

सर म्हणाले, ते जर्मनीला कधीच गेलेले नाहीत.

बाईंना हे खरे वाटेना. त्यांनी समजावून सांगितले, की हे बोलणे दक्षिणेकडच्या डोंगरातल्या खेड्यांतले आहे, आणि इतके अस्सल आता तिथल्या म्हाताऱ्यांकडेच ऐकायला मिळते. त्यांच्या लहानपणी गल्लीत एक पाववाला होता, तिकडून आलेला. तो असेच बोलायचा. मुले त्याची नक्कल करायची. फार भला माणूस. हे सगळे त्या कौतुकाने सांगत होत्या, त्यामुळे मध्ये कुठे थांबवायचे ते कुणालाच कळत नव्हते.

“आपलं गाव कोणतं?” सरांनी विचारले. बहुधा बोलण्यापुरते.

“उत्तरेकडचं हानोफर. आमच्याकडे समजतात, की सगळ्यात शुद्ध जर्मन आमच्याच शहरात बोलतात.” हे सांगताना त्यांनी मान किंचित तिरकी केली. तो स्वर मी ओळखला. शनिपारापासून लकडी पुलापर्यंत तो मी तीस वर्षे ऐकत आलो होतो.

मग मुले बोलली. एकामागून एक अकरा जण उठले, अकराही जणांनी ओठ सपाट ठेवले, आणि संगणकावरच्या आपल्या कामाची माहिती त्या पाववाल्याच्या बोलीत सांगितली. चौथा मुलगा बोलत असताना बाईंनी पाणी मागितले. सातव्याच्या वेळी त्यांनी खिडकीकडे तोंड केले. शेवटी वैशाली उठली. तिचे ऐकताना बाई प्रथमच नुसत्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी कामाबद्दल काहीतरी अडचणीचे विचारले, तिने उत्तर दिले, त्यांना ते पटले नाही, तिने पुन्हा सांगितले, हातवारे केले, आणि दहा मिनिटे त्या दोघी एकमेकींशी वाद घालत राहिल्या. परीक्षा चालू आहे हे दोघीही विसरल्या होत्या.

जाताना बाई सरांना म्हणाल्या, की आमचे तिकडचे कार्यालय त्याच भागात आहे, तुमची मुले तिथल्या लोकांना फार आवडतील. तिथले निम्मे बोलणे मलाच समजत नाही. बरोबर आलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याने मला बाजूला घेतले. “तायडे मॅडमना चालेल असं दिसतंय. पण सही सरांचीच लागते. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.”

त्या सकाळी पुढचा तास झाला नाही. आरसे टेबलावर तसेच होते. सर कोट न काढता बसून राहिले.

“उत्तर जर्मनीतला एक मॅनेजर होता कारखान्यात,” ते म्हणाले. “रोमर काहीही बोलला, की तो तीन तीनदा परत बोलायला लावायचा. मला वाटायचं, तो कानानं अधू आहे. मी रोमरला तसं म्हटलंही. तो इतका हसला, की मला वाटलं, आपला विनोद आवडला.”

मी म्हणालो, तिकडे तेच बोलतात म्हणजे मुलांना उलट उपयोगच होईल.

“उपयोगी वेगळं, शुद्ध वेगळं. मी उपयोगी शिकवायला बसलो नव्हतो.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. “दामले, तुम्हाला ठाऊक होतं?”

“शंका होती.”

“कधीपासून?”

“कॅसेट आल्यापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलं नाहीत,” मी म्हणालो. हे उत्तर पुण्यात चालते. सरांनाही ते नेहमीच्या दिवशी आवडले असते. मी घाबरलो होतो, एवढाच त्याचा अर्थ होता.

शनिवारी सकाळी वैशाली आली. मला वाटत होते, सर आता तिला नक्की नापास करतील. नियम मोडला नाही, एवढे तरी समाधान त्यांच्याकडे उरले असते. त्यांनी तिला बसायला सांगितले. वही समोर होती, ती उघडली नाही.

“तुमचे वडील इथे बोलले, तसंच घरी बोलतात का?”

“नाही जी,” ती म्हणाली. “तसं तं ते शिक्षणाधिकारी आले का बोलतेत. नाही तं तुमच्यापुढं.”

“का?”

“चूक काढतीन म्हणून. मंग ते थोडंच बोलतेत. घरी तं बोलणं थांबत नाही त्यायचं.”

“रोमर त्या मॅनेजरपुढे असाच बोलायचा,” सर म्हणाले, आम्हा दोघांपैकी कुणालाच नव्हे. “तुटक. मला वाटायचं, रागावलाय. आपल्याशी बोलताना मात्र थांबायचा नाही. सहा वर्षं थांबला नाही.”

मग त्यांनी प्रमाणपत्राचा कागद पुढे ओढला. ‘उच्चार’ या शब्दासमोर नकाशावर लिहितात तशा सरळ, सुट्या अक्षरांत त्यांनी लिहिले: ‘समजतात.’ खाली सही केली, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातातच धरून ठेवला.

वैशालीने वाचले. “सर, हा शेरा चांगला आहे का वाईट?”

“खरा आहे,” सर म्हणाले. “जा आता. बस चुकेल.”

ती गेली; म्हणजे तीन आठवड्यांनी जर्मनीला गेली. इथे बरेच जण गोष्ट थांबवतील आणि सर बदलले असे सांगतील. तसे काही झाले नाही. ‘आनि’ ऐकले की त्यांचा चेहरा पूर्वीसारखाच होई. फक्त ते आता बोलत नसत, आणि न बोलण्याचे त्यांना किती श्रम पडतात, ते कपाळावर दिसे. पुढच्या तुकडीला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, की मला एका खेड्यातले जर्मन येते. शहरातले हवे असेल तर दामल्यांकडे बसा. निम्मी मुले प्रामाणिकपणाने प्रभावित झाली आणि शहरातल्या दुसऱ्या एका वर्गात गेली. “दामले, आता तुम्ही करा ओठ गोल,” असे म्हणून सरांनी आरशांची पेटी माझ्याकडे दिली, आणि स्वतः माझ्या तासाला मागच्या खुर्चीवर, बावीस वर्षांच्या मुलांच्यात, हातात आरसा धरून बसू लागले. त्यांना ते दोन स्वर आले नाहीत. महिनाभराने त्यांनी आरसा उपडा ठेवला. “रोमर मधे येतो,” म्हणाले. वर्षाच्या शेवटी त्यांनी वर्ग बंद केला. पाटी काढताना छापखानेवाल्यांनी विचारले, कुणी आले तर काय सांगू? सर म्हणाले, “काहीच सांगू नका. तेही नीट सांगणार नाही तुम्ही.”

पुढे ते मुलाकडे वाघोलीला राहायला गेले. बारा मजल्यांच्या इमारती, मधे आखीव बाग, फाटकाशी वऱ्हाडातले आणि मराठवाड्यातले रखवालदार. मी दोनतीन महिन्यांतून एकदा जात असे. शेवटी गेलो तो एक रविवार होता, दुपारचे चार वाजले असतील. सर घरी नव्हते. सूनबाई म्हणाल्या, “खाली बागेत आहेत. आज तायडेंचा फोन असतो ना.”

बाकावर सर पाठमोरे बसले होते. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे मोबाइलचा आवाज मोठा करून तो त्यांनी तळहातावर ठेवला होता. दोन वर्षांची मुदत वाढत जाऊन वैशालीला तिकडे राहून तेव्हा सहाएक वर्षे झाली होती, आणि आता गुरुजीही तिच्याकडे राहायला गेले होते. मी चारपाच पावलांवर थांबलो. बोलणे संपले की पुढे जाऊ, असे मनात होते.

“बाबा आता छान रुळले आहेत इथे,” ती सांगत होती. “शेजारी एक आजी राहतात, त्यांच्यासोबत रोज सकाळी फिरायला जातात. सुरुवातीला मला काळजी वाटत होती, पण...”

“तायडे,” सर म्हणाले.

“हो, सर?”

“हे कुणाचं मराठी बोलताय तुम्ही?”

“कुणाचं म्हणजे? ऑफिसमध्ये मराठी बोलणारे सगळे पुण्याचेच आहेत, सर. सवय झाली असेल.”

“ते ऑफिसात ठेवा. वडिलांचं परत सांगा. पहिल्यापासून. असं बोललं की मला तुमचे वडील दिसत नाहीत.”

फोनमधून आधी हसू आले. मग आवाज आला, आणि तो दुसऱ्याच माणसाचा असावा इतका मोकळा होता. “अवो सर, काय सांगू तुमाले. बाबा तं रोज त्या आजीसंगं फिराले जातेत. थे आपली तिच्या बोलीत बोलते, हे आपले वऱ्हाडीत. दोघायलेही काही समजत नाही, पण दोघंही मान हालवून राह्यले.”

सर डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी तिचे शेवटचे वाक्य हळूच स्वतः म्हणून पाहिले, एकेक शब्द सुटा करून, पेठेतल्या स्वच्छ आवाजात.

“असं नाही जी, सर,” वैशाली म्हणाली. “हे तं तुमी भाषण करून राह्यले. जरा ढिलं सोडा.”

मी हाक मारली नाही. मागे वळलो तेव्हा सर ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते.